शंकरच्या नावावर

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि खरं सांगू? नेमकं काय सांगायचं आहे, तेच मला धड कळत नाही.

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. नागपुरात, इतवारीच्या मागच्या गल्लीत, आम्ही डोमाजीकाकांच्या घरात भाड्यानं राहायचो. काकू आधीच गेलेल्या. एकुलता एक मुलगा शंकर, तोही तापानं गेला. पुढे म्हातारपणी काका विसरायला लागले. मलाच शंकर म्हणायचे. मी दर वेळी म्हणायचो — काका, मी शंकर नाही, वसंता. ते हसायचे, "हो गा, चुकलो."

मग त्यांच्या खापरखेड्याच्या पुतण्यानं घर विकायला काढलं. मी म्हटलं, मी घेतो. भाव चोख दिला बाप्पा, आजही कागदात कोणी खोट काढून दाखवावी! पण त्या दिवसांत काकांनी शंकर म्हटलं, की मी ओ द्यायला लागलो होतो. कधीपासून? ठरवून? देवाशपथ, आठवत नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, बाबा, घर राजीखुशीनं विकता ना?

"विकून नाही राहिलो, साहेब," काका म्हणाले. "पोराच्या नावावर करून राहिलो." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

साहेब हसले. मला म्हणाले, "मुलासारखे मानतात वाटतं तुम्हाला?"

एवढंच विचारलं हो! नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं — सौदा मोडला असता. दुसरं घर मिळालं नसतं का मला? मी म्हणालो, "हो." पुतण्या खिडकीबाहेर बघत होता. काकांनी अंगठा दिला.

हे खोटं होतं का? मानायचेच की ते मला मुलासारखं... नाही. मुलासारखं नव्हे. मीच त्यांचा मुलगा आहे, असं समजून त्यांनी अंगठा दिला — आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. लाज वाटते. तेव्हा मात्र आधी हायसं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात पुतण्या त्यांना न्यायला रिक्षा घेऊन आला. काका ट्रंकेवर बसून राहिले, काही केल्या उठेनात.

"काहून गा शंकर, मले माह्याच घरातून काहून पाठवून राहिला?"

इतकी वर्षं मी त्यांना काकाच म्हणत आलो होतो. त्या दिवशी म्हणालो, "दोनच दिवसांसाठी, बाबा."

मग मात्र ते लगेच उठले. त्या घरात मी अजूनही राहतो.