गहिनीनाथचे चोवीस कोअर

पाटोद्याच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत गहिनीनाथचं मिक्सिंगचं दुकान आहे. लग्नाचं शूटिंग करणारे फोटोग्राफर गावोगाव झालेत, पण शूटिंगचे तुकडे जोडून, त्यावर गाणी चढवून, नवरा-नवरीच्या नावाभोवती फुलं उधळून अडीच तासांची फिल्म हातात देणारा माणूस आसपासच्या पंचवीस गावांत एकच. गहिनीनाथला हे पक्कं ठाऊक होतं, आणि समोरच्याच्याही ध्यानात राहील याची तो काळजी घ्यायचा.

दुकानात शिरलं की आधी दिसायचा सर्व्हर. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेला हा डबा त्यानं जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून घेतला, गोधडीत गुंडाळला आणि टेम्पोत स्वतः शेजारी बसून गावी आणला. टेबलाखाली मावेना म्हणून त्याला वेगळा चौरंग केला. आत दोन प्रोसेसर, एकेकात बारा कोअर, म्हणजे काम ओढणारे बारा गडी; एकूण चोवीस. बटण दाबलं की पंखे असे घोंघावायचे की बाहेरच्या चहावाल्याला न सांगता समजायचं, गहिनीनाथ कामाला बसला. वीज गेली तर इन्व्हर्टर पाऊण तासात मान टाकायचा. पण त्याचं काय एवढं? मोठ्या माणसाला खायला लागतंच, असं गहिनीनाथ म्हणायचा.

या चोवीस आकड्याचं वेड त्याला उगीच नव्हतं लागलेलं. त्याचे वडील ऊसतोडीचे मुकादम होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक मुकादमाची किंमत एकाच प्रश्नावर ठरायची: टोळीत कोयते किती? चाळीस कोयतेवाल्याला कारखान्यावर खुर्ची मिळायची, दहावाला दारात उभा राहायचा. गहिनीनाथ ऊस तोडायला गेला नाही, पण हे गणित मात्र जसंच्या तसं कॉम्प्युटरच्या धंद्यात घेऊन आला. कुणी नवीन मशीन घेतलं की विचारायचा, "कोअर किती?" चार ऐकलं की हसायचा, आठ ऐकलं की "बरं हाय" म्हणायचा, आणि मग सहज आठवल्यासारखा आपला आकडा सांगायचा. ते मशीन दहा-अकरा वर्षांपूर्वीचं आहे, हे तो सांगत नसे. कुणी विचारतही नसे.

अशा माणसाच्या दुकानात गेल्या उन्हाळ्यात सुकन्या आली. सुकन्या म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीची, जानकीबाईची मुलगी. बारावीच्या सुट्टीत हिला मिक्सिंग शिकवलं ते गहिनीनाथनंच. कुठं कापायचं, गाण्याच्या ठेक्यावर अक्षता कशा पाडायच्या, सगळं. आता ती पुण्यात जाहिरातींच्या फिल्म जोडायची. पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आली होती आणि मामाला भेटायला म्हणून दुकानात येताना लॅपटॉप घेऊन आली. टेबलावर ठेवला तर शाळेच्या पाटीएवढा. ना आवाज, ना पंखा.

"कोअर किती?" गहिनीनाथनं चहा सांगायच्या आधी विचारलं.

"दहा, मामा."

"दहाच?" त्याच्या जिवाला गार वाटलं. त्यानं दोन चहा सांगितले, आणि सोबत बिस्किटंही.

पण ती लॅपटॉपवर काम करू लागली तेव्हा त्याची बिस्किटाची चव गेली. नव्या कॅमेऱ्याचं जड शूटिंग, जे त्याच्या सर्व्हरवर अडखळत, थांबत, उसासे टाकत चालायचं, ते हिच्या बोटाखाली सरळ पुढं-मागं पळत होतं. गहिनीनाथला तिचा हेवा वाटला. सरळ, उघडा हेवा. आपण शिकवलेली पोर! परक्यानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

"हे कावून एवढं पळतंय?" त्यानं शेवटी विचारलंच.

सुकन्या मन लावून सांगू लागली. "मामा, तुमच्या मशीनमधी माणसं लई हायत, पण जुन्या दमाची. समदी हातानं तोडतेत. ह्याच्यात माणसं कमी, पण एकेक तयारीचा. आन् व्हिडिओसाठी चिपमधीच वेगळा भाग केलाय. म्हंजी फडात ऊसतोडीचं आख्खं हार्वेस्टरच उतरवलंय म्हणा ना."

पोरीनं बिचारीनं समजावं म्हणून सोपं करून सांगितलं. पण हार्वेस्टर आल्यावर टोळ्यांचं काय झालं, हे मुकादमाच्या पोराला कुणी सांगायला नको होतं.

त्या दिवशी घरी जेवताना त्यानं लॅपटॉपला चार नावं ठेवली. बिघडला तर दुरुस्त होत नाही, वर काही जोडता येत नाही, नाजूक आहे. बायको संगीता भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आवो, पोरीनं चांगलं केलं म्हणायला तुमचं तोंड दुखतंय व्हय?" त्यानं दुसरी भाकरी घेतली नाही.

दोनच दिवसांनी सकाळी दहाला मांजरसुंब्याचे अर्जुनराव फोटोग्राफर घामाघूम होऊन आले. गहिनीनाथच्या वर्षाच्या कामातलं निम्मं काम या एका माणसाकडून यायचं. नेकनूरच्या अंजलीचं लग्न त्यांनी शूट केलं होतं, आणि मांडवपरतणीला, म्हणजे लेक-जावई माहेरी येतील त्या दिवशी, अंगणात टीव्ही लावून फिल्म दाखवायचं कबूल करून बसले होते. मांडवपरतणी उद्या दुपारीच होती.

"नाथा, आज संध्याकाळपातुर पाहिजे."

गहिनीनाथनं कॅमेऱ्याचं कार्ड सर्व्हरला लावलं. शूटिंग नव्या कॅमेऱ्याचं. आधी सगळ्याच्या हलक्या प्रती करून घ्यायच्या, मग त्या कापायच्या, असा त्याचा रस्ता. स्क्रीनवर वेळ आला: सहा तास. नुसत्या प्रतींना.

सुकन्या तिथंच होती. भीत भीत म्हणाली, "मामा, मी लावून पाहू का?"

मामाच्या आधी अर्जुनराव बोलले. "लाव की गं पोरी! दोगं बी लावा. ज्याची आधी हुईल त्याची घेतो. आन् खरं सांगतो नाथा, पुढच्या सीझनला समदे कॅमेरे असलेच हायत. तुझ्या मशीनला न्हाई झेपलं तर मला दुसरीकडं बघावं लागंल."

म्हणजे आता शर्यत फिल्मची राहिली नव्हती. गहिनीनाथच्या तोंडचा घास टेबलावर ठेवला गेला होता आणि समोर भाची बसली होती.

चोवीस कोअर घोंघावू लागले. टोळीतला एकूण एक कोयता कामाला जुंपला होता. दुकान तापलं, भिंतीवरचं कॅलेंडर पंख्यांच्या वाऱ्यानं हलायला लागलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सुकन्या कानाला हेडफोन लावून गप कापत होती. अडीच वाजता तिचं कापून झालं. गहिनीनाथच्या प्रती अजून व्हायच्या होत्या.

"आता एकत्र करायला लावते," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

आणि चाळिशी ओलांडलेल्या, गल्लीत ज्याला लोक सर म्हणतात त्या माणसानं काय करावं? चार्जर काढला की लॅपटॉप निम्म्यानं चालतो, हे त्याला आतापर्यंत हाताखालून गेलेल्या सगळ्या लॅपटॉपवरून माहीत होतं. खाली पडलेलं पेन उचलायला वाकल्यासारखं करून त्यानं तिच्या चार्जरचं बोर्डावरचं बटण बंद केलं. मग तोंड पुसलं आणि स्वतःच्या स्क्रीनकडं बघत बसला.

लॅपटॉपला त्याचं काहीच वाटलं नाही. बॅटरीवरही तो तसाच पळत राहिला. अडीच तासांची फिल्म बावीस मिनिटांत तयार झाली. सुकन्यानं चार्जर बंद दिसला तेव्हा "लाइट गेलती का?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वायर गुंडाळून ठेवली.

अर्जुनराव पेनड्राइव्ह मागायला लागले. पण सुकन्यानं थांबवलं. "मामा, एकदा नजर टाकता का? मला नेकनूरची माणसं ठाऊक न्हाईत. कोणी राहून गेलं तर बघा."

गहिनीनाथनं हेडफोन लावला. फिल्म सुंदर होती. हळद सुंदर, वरात सुंदर. त्यानं जन्मात इतकं सफाईदार काम केलं नव्हतं, आणि प्रत्येक मिनिटाला त्याचा जळफळाट वाढत होता. मग मंगलाष्टकं आली. नवरीच्या मागं मामा उभा राहतो. अंजलीच्या मागं रामेश्वर उभा होता, धाकटा मामा. पहिल्या मंगलाष्टकापासून शेवटच्या अक्षतांपर्यंत रामेश्वरच.

गहिनीनाथनं मागं नेऊन पुन्हा पाहिलं. थोरला मामा आश्रुबा कुठंच नव्हता.

अंजलीच्या भावाच्या लग्नाची फिल्म तीन वर्षांपूर्वी गहिनीनाथनंच जोडली होती. या दोन भावांचं बांधावरून बोलणं बंद आहे आणि घरच्यांनी प्रत्येक मान दोघांत निम्मा निम्मा वाटून ठेवलाय, हे त्याला तेव्हापासून माहीत. या लग्नातही निम्मी मंगलाष्टकं आश्रुबा उभा होता, निम्मी रामेश्वर. कार्डात दोघंही होते. सुकन्याला वाटलं असणार, एकच जागा, दोन माणसं, यातला उजेडातला बरा दिसतो. जाहिरातीत असंच करतात. पण इथं लग्नाच्या फिल्ममधून माणूस काढायचा म्हणजे त्याला पंगतीतून उठवायचं.

दहा मिनिटांचं काम होतं. एक वाक्य बोलायचं होतं.

"कसं वाटलं, मामा?"

"चांगलं हाय," गहिनीनाथ म्हणाला आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी अर्जुनराव आले ते पडेल चेहऱ्यानं. अंगण माणसांनी भरलं होतं, म्हणाले. आश्रुबा नवं धोतर नेसून टीव्हीपुढं पहिल्या रांगेत बसला होता. मंगलाष्टकं सुरू झाली, संपली. तो शेवटच्या अक्षतांपर्यंत थांबला, मग टोपी घातली आणि न जेवता निघाला. अंजली रस्त्यापर्यंत रडत मागं गेली. म्हातारा वळला नाही. तिच्या आईनं अर्जुनरावांना सगळ्यांपुढं झोडपलं: धाकट्यानं पैसे चारले का तुमाला?

"तुझ्या हातनं असं कधी झालं न्हाई, नाथा," अर्जुनराव म्हणाले. "येळ लागू दे, पण काम तुझंच. पुढचा सीझन समदा तुझ्याकडं."

खोटं कशाला सांगा, गहिनीनाथला बरं वाटलं. त्यानं अर्जुनरावांना चहा पाजला, सर्व्हरवरची धूळ फडक्यानं पुसली आणि दुपारी घरी पोटभर जेवला. संगीतानं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही.

संध्याकाळी पाचला सुकन्या दुकानात आली. पायांवर धूळ होती, डोळे सुजलेले. आदल्या रात्रीच अर्जुनरावांनी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं; फिल्म दुरुस्त करून ती सकाळच्या बसनं एकटीच नेकनूरला गेली होती. तिथून विचारत विचारत आश्रुबाच्या शेतावर. त्यानं तिला फाटकाबाहेरच उभं ठेवलं. पेनड्राइव्ह घेतला नाही.

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "मामा, एक इचारू? त्या दिवशी तुमी पाहिलतं ना. तुमाला न्हवतं दिसलं?"

दुकानात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. सांगायचं तर आत्ताच सांगता आलं असतं.

"न्हाई गं," गहिनीनाथ म्हणाला. "घाईत सुटलं."

"वाटलंच मला." तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि पहिल्यांदाच थोडी हसली. "आई म्हणतीय, गहिनीला दिसलं नसंल असं व्हायचंच न्हाई. एवढ्या लग्नांत त्याच्याकडनं एक माणूस सुटला न्हाई. मी लई भांडले तिच्याशी. म्हणलं, दिसलं असतं तर मामानं मला अशी तोंडघशी पडू दिली असती का? दोगी बी बोलत न्हाई आता."

गहिनीनाथनं चहा सांगितला. तिनं तो दोन्ही हातांत धरून हळूहळू प्यायला, आणि पुण्याला जाण्याआधी जुन्या फिल्म बघत बसून शिकीन म्हणाली, कोण कुठं ठेवायचं ते तुमीच सांगा म्हणाली. तो हो म्हणाला. त्या पोरीचा इतका हेवा त्याला याआधी कधी वाटला नव्हता. आईशी भांडून ज्याच्या पाठीशी उभं राहावं, असा मामा तिला होता. तो मामा आपण नव्हे, हे पाटोद्यात फक्त त्याला माहीत होतं.