मॅनिफेस्टवरचा एकतिसावा

लेह ते नागपूर हे हवाई अंतर साधारण साडेचौदाशे किलोमीटर आहे. लष्कराचे विमान जवानांना चंदीगडला उतरवते. त्याला तासभर लागतो. पुढे दिल्ली, मग नागपूर. सगळे जुळले तर सकाळी लेहहून निघालेला जवान रात्री वर्ध्यात जेवतो. ही माहिती मी दोन वर्षे रोज कोणाला ना कोणाला सांगत होतो. लेहच्या मूव्हमेंट कंट्रोलमध्ये मी हवालदार होतो. रजेवर जाणाऱ्यांची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, मी बनवत असे.

नियम सोपा होता. ज्याची नोंद आधी, त्याची जागा आधी. ऊन चढले की तिथली हवा आणखी विरळ होते आणि विमान कमी वजन उचलते. तसे झाले तर यादीतले शेवटचे नाव उतरवायचे.

त्या दिवशी यादीत अडतीस नावे होती. एकतिसावा नाईक दिवाकर मडावी, समुद्रपूर तालुक्यातला. मी बोरगाव मेघेचा. दोघेही वर्धा जिल्ह्याचे म्हणून तो मला भाऊ म्हणे. त्याची मुलगी चार महिन्यांची झाली होती. त्याने अजून तिला पाहिले नव्हते, आणि बारसे त्याच्यासाठी थांबले होते.

"नाव कोणतं ठेवून राह्यला रे?" मी विचारले.

"तुमाले कसं सांगू भाऊ? अजून बायकोलेच नाई सांगतलं."

विमान उशिरा आले. सव्वानऊला क्रूचा निरोप आला, "लोड जादा है. एक पॅक्स ऑफ."

पॅक्स म्हणजे प्रवासी. नियमाने अडतिसावा उतरायचा. तो दुसऱ्या युनिटचा शिपाई होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "हमें ही उतारोगे, हवालदार साहब. अपने गाँववाले को थोड़े ही उतारोगे."

रांगेत हशा झाला. मी पेन उचलले आणि एकतिसाव्या नावावर रेघ मारली.

दिवाकरने माझ्याकडे पाहिले. मग बॅग खांद्याला लावली. "जाऊ द्या भाऊ. उद्या जातो. तासाभराचं तर हाय."

पुढचे दोन दिवस ढग होते. एकही उड्डाण झाले नाही. तिसऱ्या दिवशी तो रस्त्याने मनालीकडे जाणाऱ्या लष्करी गाड्यांच्या कॉन्व्हॉयमधून निघाला. मी त्याला थांबवले नाही. त्याच दुपारी १४२० वाजता रेडिओवर निरोप आला.

"गाडी नंबर चार खाई में. ओव्हर."

"कॅज्युअल्टी? ओव्हर."

"एक. नाईक मडावी. ओव्हर."

दोन दिवसांनी आकाश मोकळे झाले. मॅनिफेस्ट मीच बनवले. त्यात जवानापुढे क्रमांक लिहितात, शवपेटीपुढे वजन. एस्कॉर्ट म्हणून मी सोबत गेलो. चंदीगडला एक तास पाच मिनिटांत उतरलो.

दिवाकरचे वडील एसटीत कंडक्टर होते. अंत्यसंस्कारानंतर त्यांनी मला बाजूला घेतले.

"विमानानं तासभर लागते, तर तो गाडीनं काऊन गेला?"

"जागा नव्हती, बाबा."

"आमी तर उभ्यानं नेत होतो," ते म्हणाले.

मुलीचे नाव शेवटी त्यांनीच ठेवले. दिवाकरने ठरवलेले नाव कोणालाच माहीत नाही.

मी दर वर्षी त्यांच्याकडे जातो. सेवेत असताना रजेत जात होतो, आता निवृत्त झाल्यावर बोरगावहून बसने जातो. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. या वर्षी मीच बोललो. नात शाळेत गेली होती.

"बाबा, जागा होती. त्याचं नाव मी खोडलं." कोणासमोर, कशासाठी, तेही सांगितले.

त्यांनी विचारले, "तो अडतिसावा घरी पोचला?"

"पोचला."

"त्याले हे माईत हाय?"

"नाई."

"मंग त्याले सांगजो नको."

एवढेच बोलून ते नातीला आणायला उठले. मला थांब म्हणाले नाहीत, जा असेही म्हणाले नाहीत.

नाईक दिवाकर मडावी. क्रमांक एकतीस. त्या सकाळच्या विमानात त्याची जागा होती.