कोणते आबा?

प्रबंध द्यायला तीन दिवस उरले होते आणि पुण्याच्या माझ्या सरांनी चौथ्या प्रकरणावर लाल पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता: कोणते आबा?

इंदापूर तालुक्यात मोटेच्या विहिरीचं पाणी भावकीत कसं वाटलं जायचं, हा माझा विषय. पन्नास सालानंतरचे दोन उन्हाळे मी सणसरपासून निरवांगीपर्यंत सायकल हाणली. लोक बोलायचे, मी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर टिपून घ्यायचो. त्या चिठ्ठ्या विषयवार लावून, सुतळीने बांधून कन्हेरीच्या घरी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. त्या व्यवस्थेचा मला केवढा गर्व! फक्त प्रत्येक चिठ्ठीखाली लिहिलेलं असायचं ‘आबा, निरवांगी’ किंवा ‘तात्या, सणसर’. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाव विचारायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि मी पडलो तिथलाच. बाहेरचा कोणी असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

अडलेलं वाक्य ‘आबा, निरवांगी’ अशा एका चिठ्ठीतलं: ज्या घरात बाळंतीण असेल, त्या घराला पाण्याची एक पाळी जादा. सगळं प्रकरण या एका वाक्यावर उभं होतं. ‘‘बाकीचे आबा एकवेळ सोडून देतो,’’ सर म्हणाले, ‘‘पण या वाक्याला माणूस द्या, नाहीतर प्रकरण काढा.’’ प्रकरण काढलं तर प्रबंधात उरणार काय, कपाळ? वडिलांनी मला आणखी एकच वर्ष दिलं होतं. ते संपलं की पुणं बंद.

त्या रात्री कन्हेरीला आलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच ती चिठ्ठी घेऊन सायकलवर निघालो. निरवांगीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. चौकशी केली तर गावात तीन आबा निघाले. पहिल्यांनी चिठ्ठी ऐकून मान हलवली. ‘‘मी न्हाय बोललो असलं. उगा माझं नाव घालू नगा.’’ दुसरे रानात होते. बांधाबांधाने सायकल ढकलत गेलो, तर तेही नाहीच म्हणाले. मनात आलं, तिसऱ्यांनीही नाही म्हटलं तर गुपचूप पहिल्यांचंच नाव टाकू. पुण्याहून तपासायला कोण येतंय? मी खरंच तसं ठरवलं होतं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

तिसरे आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. मी उभ्या उभ्याच चिठ्ठी वाचली.

‘‘व्हय, हितंच झालं हे बोलणं,’’ ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मी पेन्सिल काढली. ‘‘पर मी न्हाय सांगितलं. मी म्हणालो हुतो, असलं काय नसतंय. आमची ही बोलली आतनं.’’

मग मला तो आवाज आठवला. भाकरी थापता थापता आलेला. मी मान वर न करता लिहून घेतला होता आणि खाली ‘आबा’ टाकून मोकळा झालो होतो.

‘‘मग काकींचं नाव सांगा,’’ मी म्हणालो.

आबा पुन्हा दोर वळू लागले. बायकोचं नाव ते काही केल्या तोंडातून काढणार नव्हते. शेवटी काकीच दारात आल्या, पिठाच्या हातांनी.

‘‘माझं नगा लिवू. मला माझ्या सासूनं सांगितलं. माझ्या पयल्या बाळंतपणाला तिनं भावकीशी भांडून पाळी घेतली. तिचं लिवा.’’ आणि त्यांनी सासूचं नाव सांगितलं, माहेरच्या गावासकट.

प्रबंध मी लिहीत होतो. आपल्याला कोणी सांगितलं ते आधी सांगायचं, हे त्यांना कळत होतं. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

‘‘पण मला तुम्ही सांगितलंत काकी. दोघींचं लागेल.’’

त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले. मग आबांकडे न बघता हलक्या आवाजात स्वतःचं नाव सांगितलं. मी ते दोनदा विचारून नीट लिहून घेतलं.

घरी येऊन पेटी उघडली आणि बाकीचे गठ्ठे सोडले. आबा. तात्या. आबा. यातलं ओट्यावरून काय आलं आणि आतून काय, मला एकाही चिठ्ठीचं सांगता येईना. पुन्हा गावोगाव फिरायला दिवस उरले नव्हते. सकाळी बारामतीला टंकलेखकाकडे कागद नेऊन दिले.

प्रकरण राहिलं, पदवीही मिळाली. प्रबंधात बायकांची नावं दोनच आहेत, एकाच तळटिपेत. बाकी सगळीकडे मी आबाच लिहिलं आहे.