बिनगेरची गाडी

माझ्या मुलाचा डावा हात मनगटाच्या वरपर्यंत चारा कापायच्या कडबाकुट्टीत गेला. त्यावर रडून झालं आहे, इथे पुन्हा रडत नाही. आमच्याकडे शेळ्या-मेंढ्या बाजाराला न्यायची पिकअप होती आणि घर तिच्यावरच चालत होतं. गेर ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असतो. उजव्या हाताने स्टेरिंग धरता येत होतं, पायाने क्लच दाबता येत होता, पण गेर टाकायला हात नव्हता. त्याने उजवा हात आडवा नेऊन पाहिला, तर गाडी शेजाऱ्याच्या तुरीत गेली.

मग सून शेजारी बसायला लागली. तो क्लच दाबून "दोन" म्हणायचा, ती दोन टाकायची. "तीन" म्हटलं की तीन. झरीकडून जिंतूरच्या बाजारापर्यंत हेच, येताना पुन्हा हेच. पोलीस दिसला की ती हातावर पदर टाकायची. एकदा दोघांचं भांडण झालेलं होतं आणि चढावर तो ओरडला, "दोन! अगं, दोन टाक!" तिने दोन टाकला आणि खिडकीशी बसलेल्या मला म्हणाली, "आत्या, ह्यांला सांगा, मी बोलायले न्हाई, नुसता गेर टाकायले."

बाजारात लोक टिंगल करायचे. एक म्हातारा व्यापारी म्हणाला, "गेर बायकोच्या हातात, ह्याच्या हातात नुसतं स्टेरिंग. सगळ्यांच्या घरी तसंच हाय बाबा, तुझं तेवढं उघड्यावर हाय." मुलगा हसला. मीही हसले. सून हसली नाही.

असं बरेच दिवस चाललं असतं. पण सून बारावी शिकलेली, तिने अंगणवाडीत मदतनीस म्हणून अर्ज केला होता आणि तिची निवड झाली. महिनाअखेर हजर व्हायचं होतं. अंगणवाडी रोज सकाळी, आणि बाजाराची गाडीही सकाळीच. भाड्याने ड्रायव्हर ठेवला तर आम्हाला काय उरणार? नुसता गेर टाकायला एक माणूस बसवून पाहिला, तो मोबाईलमध्ये बघत बसायचा आणि "काय म्हणलात?" विचारायचा.

मग मी म्हटलं, मी बसते. मी चौथी शिकले आहे, आकडे मला येतात. पण गेरचे आकडे ओळीने नसतात. एक वर, दोन खाली, तीन परत वर. माझी बोटं सुजलेली असतात, दांडा माझ्याने हलेना. खळ्यातच तो "दोन, माय, दोन" म्हणत राहिला आणि मी चार टाकला. गाडी उडी मारून बंद पडली. त्याने किल्ली काढली आणि खाली उतरला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने मोबाईलवर आटोमॅटिक गाडी पाहिली होती. क्लच नाही, गेर टाकायचा नाही, एका हाताने चालते. जिंतूरच्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "घे की. बिघडली की माझ्याकडं आण. मी बी बघीन, तू बी बघ. उघडायला येतंय कुणाला?" दुसरे म्हणाले, त्या गाडीला ओढ नसते, भरल्या मालाने चढावर बसते. खरं काय ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण तसली गाडी कुणीच चालवली नव्हती.

आम्ही तिघं आमच्याच पिकअपने नांदेडला गेलो. सून गेर टाकत होती, बिनगेरची गाडी बघायला. शोरूममधल्या पोराने गार पाणी दिलं, मला आजी म्हणाला. गाडी उंच होती, काचेसारखी चकचकीत. मागचा हौदा एवढासा, त्यात शेळ्या उभ्या केल्या तर निम्म्या घरीच राहतील. तरी त्याने मुलाला मागच्या अंगणात ती चालवू दिली. मुलगा एकटाच बसला. दोन फेऱ्या मारल्या, वळवली, मागे घेतली, आणि एकदाही त्याने तोंडातून आकडा काढला नाही. खाली उतरला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

शोरूममधला पोरगा म्हणाला, "दादा, खरं सांगतो, ही हौसेची गाडी आहे. मालाची पिकअप आमच्याकडे आटोमॅटिकमध्ये येतच नाही." विजेवरची एक छोटी आहे, तिला गेर नाही, असंही म्हणाला. मी विचारलं, एका चार्जिंगवर जिंतूरला जाऊन माघारी येईल का, भरलेली? तो म्हणाला, "आजी, तिथं चार्ज करावी लागेल." आमच्याकडे घरात पंखा चालेल एवढी वीज राहिली तरी लोक खूश होतात. आम्ही त्याचं पाणी पिऊन निघालो.

मुदत जवळ आली. मुलगा गोठ्यात माझ्याजवळ येऊन बसला. "माय, तिला तू समजाव. गाडी गेली तर मी काय करणार? वट्ट्यावर बसून माश्या मारू का?"

दुसऱ्या दिवशी सून भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्या, त्यांला तुमी सांगा. गाडी इका म्हणावं, शेरडं वळू, कायबी करू. मला ही जागा परत मिळायची न्हाई."

दोघांचंही खरं होतं. एकाचं दुसऱ्याला सांगितलं असतं तर मी कुणाच्या तरी तोंडचा घास काढला असता. मी कुणालाच काही सांगितलं नाही. काय सांगायला पाहिजे होतं ते मला अजूनही कळलेलं नाही, आणि ज्यांना कळतं ते मला भेटलेले नाहीत.

हजर व्हायचा दिवस बाजाराचाच निघाला. गाडी भरून उभी होती, मागे शेळ्या ओरडत होत्या. सून ठेवणीतली साडी नेसून, पिन लावून, पर्स घेऊन बाहेर आली. मुलगा स्टेरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. त्याने बोलावलं नाही, हॉर्नही वाजवला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी शेळ्यांकडे पाहिलं. मग तिने पर्स माझ्या हातात दिली, साडी वर धरली आणि गाडीत चढली.

त्या जागेवर आता खालच्या गल्लीतली एक बाई आहे. चांगली आहे. आमची गाडी अंगणवाडीवरून जाते तेव्हा ती दारातून हात करते. सून करत नाही. उजवा हात गेरवर असतो. डावा मोकळा असतो, पण तोही ती वर करत नाही.