नाल्याकाठची वाघीण

माझं लग्न झालं तेव्हा आमच्या गावाला लागूनच जंगल होतं. पन्नास सालानंतरची गोष्ट. नाल्याकाठचा पट्टा तोडून शेतीला द्यायचं ठरलं आणि मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्यात बांधी, धानाचं बांध घातलेलं शेत, मिळाली. तोवर आमचं घर दुसऱ्यांच्याच शेतात राबायचं. घरात आनंद झाला. मलाही झाला.

हिवाळाभर साग, ऐन, मोहा पडत राहिले. उन्हाळा लागल्यावर पाल्याचे ढीग पेटवायला माणसं जमली. मी तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन शिदोरी पोचवायला गेले होते. नाल्याच्या कडेला बांबूचं एक बेट तेवढं उभं होतं. त्यातून वाघीण निघाली, तोंडात पिल्लू. एवढ्या माणसांसमोरून, भर उन्हात, ती तोडलेल्या खुंटांमधून पलीकडच्या जंगलात गेली. पळाली नाही. कोणी हललंही नाही.

मी नवऱ्याला म्हटलं, "अजून एखादं असन आत. जराशे थांबा ना. तिले नेऊ द्या."

त्यांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजी काही दुष्ट माणूस नव्हते. बांबूचे शेंडे न्याहाळत म्हणाले, "हवा पडली हाये तवाच जाळा लागते, बाई. वारा सुटला त आग गावात जाईन."

ते खोटं नव्हतं. मी शिदोरी सोडायला बसले.

आग बेटात शिरली आणि बांबू फटाफट फुटू लागले. वाघीण परत आली ती धुराच्या भिंतीपाशी. लोकांनी डबे बडवले की ती मागे सरायची, पुन्हा यायची. संध्याकाळी माणसं राख चाळून घरी आली. राखेत काय दिसलं, ते नवऱ्याने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

नंतर ती गावाभोवतीच घुटमळू लागली. हरणं-रानडुकरं जंगलासोबत मागे हटली होती. तिने गाई धरल्या. मग लोकांनी तालुक्याहून शिकारी आणला. बैलगाडीवर घालून तिला चावडीपुढे आणलं, तेव्हा बायका हळदकुंकू घेऊन गेल्या. मीही गेले. तिची थानं दुधाने ताठ होती. माझी मुलगी मांडीवर पीत होती, आणि मला तिथे बसवेना.

मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "तिनं नेलेलं पिल्लू कुठी तरी जित्तं असन. भुकेलं असन."

त्या वेळी त्यांनी वडिलांना विचारलं नाही. कुऱ्हाड घेऊन निघाले. मागून मी, मुलीला सासूबाईंकडे देऊन. नाल्याच्या पलीकडे दगडांच्या कपारी, घसरणी, सारं पाहिलं. दुसऱ्या दिवशीही गेलो. एका ठिकाणी ओल्या वाळूत लहान पंजे उमटलेले होते. ते पाण्यात उतरत होते, समोरच्या काठावर मात्र नव्हते. नवरा वाळूवर बसून राहिला.

"आपुन त्या दिवशी थांबलो असतो त?" मी म्हटलं.

"निस्तं बाबा म्हनाले म्हून नाई जाळलं," ते म्हणाले. "मलेबी बांधी पायजेच होती."

त्या वर्षी धान भरघोस आलं. नव्या तांदळाचा भात मीच शिजवला, साऱ्यांना वाढला, आणि शेवटी स्वतः पोटभर खाल्ला. पुढे मामाजींनी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, वाघोबाचा दगड मांडला, शेंदूर लावला. पेरणीआधी तिथे नारळ फुटायचा. सगळे हात जोडायचे. मला मात्र काय मागावं ते कधी सुचलं नाही. मी नुसती उभी राहायची.