तिसऱ्या धुण्याचं गांडूळ

हॉलंडातल्या झूटरमेरच्या लहू इंगोलेकडे गेलात आणि चहा झाल्यावर त्याने "रंग बघणार का?" असं विचारलं, तर आधी घड्याळ बघा आणि मगच हो म्हणा. आपल्याला वाटतं, हॉलला नवा रंग द्यायचा असेल. लहू आपल्याला घरामागे नेतो. तिथे सायकली ठेवायची एक लाकडी खोली आहे, तिला इकडे बेर्खिंग म्हणतात. लहू कुलूप काढतो, दिवा लावतो आणि आपल्या तळहातावर एक थंडगार, लिबलिबीत गांडूळ ठेवतो.

"काय वाटतं?" तो विचारतो.

आपण किंचाळलो नाही, तर सभ्य माणूस म्हणतो, "गांडूळ वाटतं."

"ते नाही रे! रंग! शेवाळी वाटतो की चटणी?"

गांडूळ प्लास्टिकचं असतं, माशाला फसवण्यासाठी लहूने घरी ओतलेलं. दुधासारखं दिसणारं एक द्रव तापवायचं, ते पारदर्शक झालं की रंगाचे चार थेंब टाकायचे, चिमूटभर चमकी घालायची आणि साच्यात ओतायचं. पाच मिनिटांत गांडूळ तयार. कृती एवढीच. पण ते चार थेंब कुठल्या रंगाचे, हे ठरवण्यात लहूची दोन वर्षं गेली होती.

लहू मूळचा अकोल्याचा. हूफडॉर्पला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. सतरा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि त्यासाठी दुसऱ्यांनी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. "मी आयुष्यात एकही वस्तू बनवली नाही," असं तो एकदा मला म्हणाला होता. "बनवलेली मोडली फक्त." त्यामुळे हे गांडूळ त्याच्यासाठी नुसतं गांडूळ नव्हतं. लहू इंगोलेने स्वतःच्या हाताने बनवलेली ती जगातली पहिली वस्तू होती, आणि एखाद्या तरी माशाने तिला पसंती द्यावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

मासे मात्र देत नव्हते. दुकानातून आणलेल्या गांडुळाला बार्स लागायचा. बार्स म्हणजे इथला हिरवट, काळ्या पट्ट्यांचा, लाल परांचा मासा. दिसतो पट्टेदार टी-शर्ट घातल्यासारखा. घरच्या गांडुळाकडे तो ढुंकून बघत नसे. आकार तोच, मऊपणा तोच. म्हणजे चूक रंगात आहे, असा लहूने निष्कर्ष काढला आणि कामाला लागला. कॉम्प्युटरवर तक्ता केला. पाणी गढूळ की स्वच्छ, आभाळ भरलेलं की मोकळं, वारा कुठून, असे चौसष्ट प्रकार आणि प्रत्येकाला एक रंग. आभाळ मोकळं असण्याचे रकाने हॉलंडात कशाला हवेत, हे त्याला कुणी विचारलं नाही.

कॉरचं मत वेगळं होतं. कॉर हा त्याच्या मासेमारी क्लबातला एकाहत्तर वर्षांचा निवृत्त ट्राम ड्रायव्हर. त्याच्याकडे एकच रंग, पांढरा. "काळा का नाही?" असं लहूने विचारलं, तर म्हणाला, "काळा गवतात पडला की मला सापडत नाही."

घरात वेगळा पेच होता. सुरुवातीला लहू हे द्रव स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये तापवत असे. त्या आठवड्यात वरणाला टायरच्या दुकानाचा वास येत होता. बायको वसुधाने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "इंगोले साहेब." एरवी ती त्याला लहू म्हणते. इंगोले साहेब म्हणाली की वल्लरी, त्यांची तेरा वर्षांची मुलगी, हेडफोन लावते.

जुन्या वस्तूंच्या दुकानातून दुसरा मायक्रोवेव्ह आला आणि सगळा संसार बेर्खिंगमध्ये हलला. सायकली पावसात गेल्या. पण वसुधाचंही त्या खोलीवर लक्ष होतं. तिची आई अमरावतीला एका मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर बावीस वर्षं उभी होती. आईचं शिलाई मशीन वसुधाने हौसेने इकडे आणलं, आणि नऊ वर्षं ते जिन्याखाली खोक्यात बसून होतं.

"ऑक्टोबरची क्लबाची स्पर्धा होईपर्यंत वेळ देते," ती म्हणाली. "तू बनवलेलं गांडूळ, तू निवडलेला रंग. एक मासा. नाहीतर बेर्खिंगमध्ये आईचं मशीन येणार आणि तुझे साचे जाणार."

"एकच?"

"मी काय देवमासा मागतेय?"

लहूने हात पुढे केला. वल्लरीला साक्षीदार केलं. तिने हेडफोन न काढता अंगठा वर केला.

जून ते सप्टेंबर लहू दर शनिवारी पाण्यावर गेला आणि दर शनिवारी कोरडा परत आला. अकोल्याहून वडिलांचा, बाळासाहेबांचा, रविवारी व्हिडिओ कॉल येई. त्यांचा प्रश्न रंगाच्या पलीकडचा होता.

"मासा धरतं अन् सोडून देतं?"

"हो बाबा. इथे सोडतातच. शिवाय आपलं पहिलं शील आहे ना, जिवाला मारायचं नाही."

"मंग धरतं कायले?"

लहूने कॅमेऱ्यासमोर तक्ता धरला.

स्पर्धेच्या आठवड्यात, एका संध्याकाळी चहा द्यायला म्हणून वसुधा बेर्खिंगमध्ये गेली. लहू पिवळ्या दिव्याखाली वाकून चार गांडुळं एका ओळीत मांडत होता, वरात निघण्याआधी नवरदेवाचे जोडे मांडावेत तशी.

"हे काय चाललंय?"

"फायनल निवड."

"इथे? या दिव्याखाली?" वसुधाने कप खाली ठेवला. "अरे, आमच्या दुकानात आई गिऱ्हाइकाला ट्यूबलाइटखाली ब्लाउजपीस घेऊच द्यायची नाही. कापड हातात द्यायची आणि म्हणायची, ताई, आधी दारात जा. उजेडात बघा. मग पैसे."

"हा ब्लाउज नाहीये, वसू."

"रंग तर आहे ना? चल दारात."

दोघं दारात आले. संध्याकाळ होती, पण उजेड शिल्लक होता. हॉलंडातला, धुतलेल्या चादरीसारखा. लहूने शेवाळी समजून निवडलेलं गांडूळ तिथे लख्ख पोपटी निघालं. तपकिरी होतं ते चक्क राणी कलरच्या घराण्यातलं. लहू त्यांच्याकडे बघत राहिला. दोन वर्षं तो दिव्याखाली एक रंग निवडत होता आणि पाण्यात भलताच टाकत होता. सॉफ्टवेअरमध्ये अशी चूक त्याने दहा मिनिटांत पकडली असती आणि करणाऱ्याला ईमेल लिहिली असती, सगळ्यांना कॉपी करून.

"म्हणजे तक्ता..." तो म्हणाला.

"तक्ता सुंदर आहे," वसुधा म्हणाली. "दिव्याखाली वाच."

पुढचे दोन दिवस लहू लवकर घरी आला आणि बेर्खिंगच्या उंबऱ्यात स्टूल टाकून बसला. तापवायचं आत, बघायचं बाहेर. एक गांडूळ दोऱ्याला बांधून त्याने गल्लीच्या टोकाच्या कालव्यातही बुडवून पाहिलं. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी थांबून विचारलं, काही पडलं का पाण्यात? लहू म्हणाला, "नाही, मॅचिंग बघतोय." शेवटी त्याच्या मनासारखे चार रंग जमले: शेवाळी, मोरपंखी, तपकिरी आणि अमसुली. उजेडात पाहिलेले, स्वतः निवडलेले. प्रत्येकाची सहा-सहा गांडुळं त्याने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरली.

"सगळे रंग एकत्र?" वसुधाने डबा बघून विचारलं. "रंग सुटेल. वेगवेगळं ठेव."

"वसू, हे प्लास्टिक आहे. सुती नाही."

"रंग तो रंग."

"केमिस्ट्री वेगळी असते गं," लहू म्हणाला. ही केमिस्ट्री तो डेल्फ्टच्या रसायन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या स्वतःच्या बायकोला सांगत होता. तिने डबा त्याच्याकडे सरकवला. बावीस वर्षं काउंटरवर उभ्या राहिलेल्या बाईची लेक होती. न ऐकणारं गिऱ्हाईक तिला ओळखू येत होतं. डबा विसरायला नको म्हणून लहूने तो बुधवारीच दाराजवळच्या हीटरवर ठेवून दिला. ऑक्टोबर होता, हीटर चालू होता.

रविवारी सकाळी कालव्याकाठी क्लबाचे सतरा जण जमले. कॉर लहूच्या शेजारी होता, त्याच्या एकुलत्या एका रंगासह. शिट्टी झाली. लहूने डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग हळूच परत उघडला.

चोवीस गांडुळं होती. रंग एक होता.

मोरपंखी शेवाळीत उतरला होता, शेवाळी तपकिरीत, आणि अमसुली सगळ्यांत. चार दिवस हीटरवर शेकून त्या चोवीस जणांनी आपसात असा काही समझोता केला होता, की कोण मूळचं कुठल्या घरचं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या रंगाला नाव नव्हतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी बादलीच्या तळाला जे उरतं, त्याच्या जवळपासचं काहीतरी.

"सुंदर," कॉर डोकावून म्हणाला. "आता तूही माझ्यासारखा. एकच रंग."

लहूला रडावंसं वाटलं. दुसरा इलाज नव्हता. वरचं गांडूळ त्याने गळाला लावलं आणि पाण्यात टाकलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सवयीने हात डब्याकडे गेला. दहा मिनिटांत मासा लागला नाही की रंग बदलायचा, हा तक्त्याचा नियम. पण बदलून लावायचं काय? तसलंच? हात परत आला. अर्धा तास गेला. गांडूळ पाण्यातच राहिलं. एक तास गेला, मग दोन. बदकं येऊन गेली.

"आज काय झालंय माहीत आहे का?" कॉर मध्येच म्हणाला. "आज तुझं गांडूळ पाण्यात आहे. एरवी ते तुझ्या हातात असतं."

लहूने मान वळवली. काहीतरी उत्तर द्यायचं होतं, पण तेवढ्यात काठीचं टोक दोनदा हललं आणि खाली वाकलं.

बार्स तेवीस सेंटीमीटर भरला. सतरा जणांत लहूचा नंबर चौदावा आला. मोजपट्टीवर ठेवलेल्या त्या पट्टेदार प्राण्याकडे तो असा बघत होता, की कॉरने शेवटी आठवण करून दिली, "त्याला पाणी लागतं." लहूने दोन्ही हातांनी मासा पाण्यात धरला, सोडला, आणि तो गेल्यावरही हात थोडा वेळ पाण्यातच ठेवले.

घरी येताना सायकलवर मात्र त्याचा चेहरा उतरत गेला. करार होता, तू निवडलेला रंग. हा रंग कुणी निवडला होता? माशाचा फोटो दाखवून 'अमसुलीवर आला' म्हणता आलं असतं. फोटोत गांडूळ माशाच्या तोंडात होतं. पण सतरा वर्षं दुसऱ्यांची खोटी उत्तरं पकडणाऱ्या माणसाला स्वतःचं एक खोटं उत्तर पुरतं जमेना.

दारातच वसुधाने विचारलं, "मिळाला?"

"मिळाला."

"खरंच? अरे वा! कुठल्या रंगावर?"

लहूने श्रीखंडाचा डबा उघडून पुढे केला. "तू म्हणालीस तसं झालं. रंग सुटला. हा मी निवडलेला नाही. शिवाय कॉर म्हणतो, रंगाचा संबंधच नाही, गांडूळ पाण्यात राहिलं म्हणून मासा आला. म्हणजे नक्की कशाने आला, ते सिद्ध होत नाही. बेर्खिंग तुझी. साचे संध्याकाळी काढतो."

वल्लरीने एक हेडफोन बाजूला केला आणि डब्यात डोकावली. "पप्पा, हा ब्राऊन आहे," ती डचमध्ये म्हणाली. "तुमचे सगळेच ब्राऊन असतात." आणि हेडफोन परत लावला.

वसुधा पुढे झाली. तिने एक गांडूळ दोन बोटांत उचललं. लहूला बाजूला सारून ती दाराबाहेर गेली आणि उजेडात धरलं. उलटं केलं. ताणलं. डोळे बारीक केले. किंचाळणं तर दूरच, तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे लहूने सतरा वर्षांच्या संसारात फक्त साड्यांच्या दुकानात पाहिलं होतं.

"ब्राऊन काय, ब्राऊन!" ती म्हणाली. "हा अमसुली आहे. पण कोरा नाही. तीनदा धुतलेला. कडेला मोरपंखी झाक आहे बघ. आईकडे एक बाई यायच्या, त्यांच्या लग्नातल्या शालूचा हाच रंग होता. मॅचिंग पीस मिळेना. आईने सहा महिने शोधला, नाहीच मिळाला." ती वळली. "हा परत करता येईल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे ओतून. कुठल्या रंगाचे किती थेंब?"

"सांगता येणार नाही. तो झाला आपोआप."

"आपोआप झाला, तर करूनही होईल. साचे काढू नकोस."

त्या संध्याकाळी जिन्याखालचं खोकं बेर्खिंगमध्ये गेलं. मशीन उजवीकडे, मायक्रोवेव्ह डावीकडे. सायकली अजून पावसातच आहेत. बाळासाहेबांना बातमी सांगितली, तेव्हा त्यांचा प्रश्न तयारच होता.

"अन् सोडला त्याले?"

"सोडला, बाबा."

"त्याले तरी सांगितलं का, कायले धरलं होतं ते?"

परवा मी गेलो होतो. चहा झाला, "रंग बघणार का?" झालं. बेर्खिंगमध्ये लहू वाफाळतं भांडं ढवळत होता. समोर नवा तक्ता, त्यात एकच रकाना आणि एकतीस प्रयत्नांच्या एकतीस ओळी. लहूने ओतलं, थंड केलं, सोडवलं आणि वसुधापुढे केलं. निवडायचं काम आता त्याच्याकडे नाही. वसुधाने मशीनवरचा पाय काढला, गांडूळ घेतलं आणि दारात जाऊन उजेडात धरलं. आम्ही दोघं तिच्या पाठीकडे बघत उभे राहिलो.

"नाही," ती म्हणाली. "अजून एक धुणं कमी पडतंय."

लहूने बत्तीसाव्या ओळीत लिहायला पेन उचललं. मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता.