शंभरची पाटी

युरोपातल्या झाडून सगळ्या बॉर्डरी मला पाठ आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यातलीच एक ओलांडली आणि मला पत्ताच नाही.

लंडनच्या हाउन्सलोहून मिनीबस घेऊन नॉर्दर्न आयर्लंडला, म्हणजे ब्रिटनच्याच भागात, गेलो होतो. मागे आपली मराठी मंडळी, पुढे माझ्या शेजारी सरूताई, हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या नर्स. ट्रिप त्यांनीच काढलेली. डेरी शहर सोडल्यावर समुद्र दाखवतो म्हणून मी शॉर्टकट मारला. थोड्या वेळात पाटी आली, शंभर. इंग्लंडात सत्तरच्या वर कुठे जायला देतात? मी खूश. पाय दाबला. वेग रोखणाऱ्या लिमिटरमुळे गाडी बासष्टवर अडली, ते नशीब. पाटी किलोमीटरची होती, आणि शंभर किलोमीटर म्हणजे बासष्टच मैल.

मागून नागपूरचा मंदार ओरडला. आयर्लंडमध्ये स्वागत, असा मेसेज फोनवर आला होता.

"दादा, गाडी फिरवा. मला इथला व्हिसा नाही."

मी म्हटलं, गेट नाही, चौकी नाही, कसला व्हिसा? मग त्यानेच मला समजावलं. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, आयर्लंड आत राहिलं. मध्ये चौकी नको, एवढं दोघांनी ठरवलं. ब्रिटिश आणि आयरिश लोकांना मोकळीक. ब्रिटनच्या वर्क व्हिसावाल्या मंदारला कायदा लागूच, फक्त विचारायला कुणी उभं नाही. आणि पुढच्याच महिन्यात ब्रिटनमध्ये कायमचं राहायचा त्याचा अर्ज जाणार होता. त्यात विचारतात, कुठल्या देशाचा इमिग्रेशन कायदा मोडलाय का?

मला हे कुठून ठाऊक? मी गोव्यातल्या पेडण्याचा. आजोबा पोर्तुगीज राज्यात जन्मले, म्हणून माझा पासपोर्ट पोर्तुगीज. त्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नाही, पण युरोपात आजवर कुणी अडवलं नाही.

वळणावर बघतो तर पोलिसांनी एक बस थांबवलेली, पासपोर्ट तपासणं चालू. मी गाडी पेट्रोल पंपात घातली, तिथूनच फिरवली. पाटी परत मैलांची आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही, स्टिअरिंग सोडून.

मंदारने अर्जात सगळं खरं लिहिलं. उत्तर येईपर्यंत मला जेवण गोड लागेना. एका दुपारी त्याचा फोन आला, "दादा, मिळालं!" मी गाडीतच नाचलो.

आता गाडी सुरू करायच्या आधी प्रत्येकाला विचारतो, पासपोर्ट कुठला, व्हिसा कुठला. सरूताईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझ्या हातून कुणाचं वाईट होत नाही.

त्या म्हणाल्या, "आजोबांनी तुला पासपोर्ट ठेवला रे. अक्कल ठेवायची राहिली."